गाळा नंबर चौदाचा पाया

दलाल आला तेव्हा टर्नर लेथवर होता, आणि चाललेलं काम सोडून कुणाशी बोलायची त्याला सवय नव्हती. त्यामुळे दलालाला शटरपाशी वीस मिनिटं ताटकळत उभं राहावं लागलं. बसायला एक स्टूल होतं, पण त्यावर कुणी बसलेलं टर्नरला चालत नसे. ते त्याच्या बायकोचं. त्या स्टुलावर बसून तिनं एकवीस वर्षं लेथवरून उतरलेला प्रत्येक नग मोजला होता, आणि सूतभर चूक निघाली तरी तो नवऱ्यासमोर आपटला होता. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

मशीन थांबल्यावर दलालानं तोंड उघडलं. जुने मालक वारले, चौदा गाळ्यांची रांग त्यांच्या मुलीच्या नावावर आली आणि ती आता विकायला निघाली आहे. एक मोठी पार्टी सगळी रांग पाडून तिथं फर्निचरचं शोरूम करणार. बाकी तेरा जण कबूल झाले आहेत. काकांनीही गाळा सोडल्याचे पैसे घ्यावेत आणि आता आराम करावा, त्यांचं वय झालं.

टर्नरनं चिंधीला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"विकायचाच आहे ना? मग मी घेतो."

दलाल हसला. टर्नर हसला नाही. करारात लिहिलंय, तो म्हणाला, विकायची वेळ आली तर आधी भाडेकरूला विचारायचं. ते खरंच लिहिलेलं होतं. करार झाला त्या दिवशी त्याच्या बायकोनं ती ओळ घालून घेतल्याशिवाय सहीला हात लावला नव्हता.

पैसे कुठून आणणार, हे त्यानं लेकीला सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली. राहती जागा विकून लोखंडाचं खोपटं घेतं का कुणी? त्या घरात आईच्या आठवणी आहेत, ती म्हणाली.

"घरात ती झोपायला यायची," तो म्हणाला. "राहायची इथं."

मग लेकीनं मामाला पाठवलं. हा टर्नरचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. बापासारखाच गवंडी, पण गुडघे गेल्यापासून नुसतीच फरशीची कंत्राटं घ्यायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. तोंडाचा पट्टा मात्र शाबूत होता.

"दाजी, बासष्टाव्या वर्षी माणसं विकतात, घेत नाहीत."

"म्हणूनच लवकर मरतात."

गाळ्यामागच्या खोलीत झोपणार कुठं, जेवणार काय, लेकीच्या सासरचे काय म्हणतील, असं मेव्हणा बराच वेळ बोलत राहिला. टर्नर टूलला धार लावत होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं स्वतःशीच म्हणून मेव्हणा उठला.

चार दिवसांनी दलाल परत आला, या वेळी मालकीणबाईंना घेऊन. बाई चाळिशीच्या, बोलायला मोजक्या. दलालानं करार उघडून एका कलमावर बोट ठेवलं. मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणायची नाही, आणि जो भाडेकरू खणेल त्याचा खरेदीचा पहिला हक्क गेला. मग त्यानं लेथच्या पायांकडे बोट दाखवलं. खाली गुडघाभर खोल काँक्रीट होतं, ते काही आभाळातून पडलं नव्हतं.

टर्नरनं सांगितलं की मोठं मशीन पायाशिवाय थरथरतं, आणि थरथरत्या मशीनवर भोक गोल होत नाही. हे मालकांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतः हो म्हटलं होतं. रोज सकाळी ते इथं चहाला बसायचे.

"परवानगीचा कागद दाखवा," दलाल म्हणाला.

कागद नव्हता. बाई म्हणाल्या की बाबा तोंडी काय बोलले ते त्यांना माहीत नाही, त्यांना लिहिलेल्यावर चालावं लागेल. त्यांनी आठ दिवस दिले. दलालानं आपल्याकडून भर घातली, की त्यापेक्षा मशीन उचलायला आत्ताच माणसं सांगून ठेवा.

"मशीन हलणार नाही," टर्नर म्हणाला. "मीही हलणार नाही. तुमच्या शोरूमच्या मधोमध उभा राहीन, गिऱ्हाइकाला कपाट म्हणून विका."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

आठातले पाच दिवस तो बायकोची ट्रंक उपसत होता. तिनं सगळं जपलं होतं. विजेची बिलं, पहिल्या ऑर्डरचं पत्र, माप घ्यायच्या मोडक्या व्हर्नियरचा डबा. पायाबद्दल एक चिटोरंही नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मेव्हणा आला. आता तरी शहाणे व्हा, हे सांगायलाच आला होता, पण गुडघे दुखत होते म्हणून लेथशेजारी जमिनीवर बसला आणि बसल्या बसल्या त्याचं लक्ष काँक्रीटकडे गेलं. त्यानं त्यावर बोटाची गाठ वाजवली. कड चाचपली.

"हा कुणी ओतला?"

"तुझ्या बहिणीनं. मी घमेली वाहिली."

त्यानं मग सगळं सांगितलं. गवंड्याची लेक होती, बाहेरच्या माणसाला हात लावू देईना. दुपारपर्यंत घमेली वाहून टर्नरचा पिट्ट्या पडला आणि तो गोणपाटावर आडवा झाला तो संध्याकाळीच जागा झाला. तोवर पाया पुरा झाला होता, ओली पोती अंथरली होती, आणि मागच्या कोपऱ्यातलं पोतं उचलायचं नाही अशी तिनं ताकीद दिली होती. पाया वाळल्यावर मशीन बसलं, पण त्याआधी त्या कोपऱ्यावर तिनं स्वतः तेलाचा ट्रे बसवला, आणि तो पुन्हा कधी हलवू दिला नाही. लेव्हल बिघडेल म्हणायची.

"ट्रेनं कसली लेव्हल बिघडतेय?" मेव्हणा म्हणाला.

बावीस वर्षांत हा प्रश्न टर्नरला पडला नव्हता. मशीनची लेव्हल तो दर महिन्याला तपासायचा, बायकोचं बोलणं मात्र कधीच तपासलं नव्हतं.

"दाजी," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला, "ताईनं पंजा घेतला होता का?"

त्यांच्या बापाला लिहिता येत नव्हतं. काम झालं की गिऱ्हाईक उलटायचं, मी असं सांगितलंच नव्हतं म्हणायचं. दोनदा मजुरी बुडाल्यावर बापानं रीतच घातली. शेवटचा कोपरा ओला असतानाच गिऱ्हाइकाला बोलवायचं, सगळं दाखवायचं, आणि पटलं असेल तर हाताचा पंजा सिमेंटात उमटवून घ्यायचा. कागद हरवतो, म्हणायचा बाप, पंजा घेऊन कुणी पळत नाही. ही गोष्ट घरातच राहिली होती, कारण अडाणी बापाचं लोकांनी हसं केलं असतं.

दोघांनी मिळून ट्रेचे बोल्ट सोडवले. ट्रेखाली बावीस वर्षांचं तेल आणि लोखंडाचा कीस मिळून दगड झाला होता. मेव्हण्यानं छिन्नी मागितली, टर्नरनं दिली नाही. तो स्वतः गुडघ्यांवर बसला, रॉकेल ओतत गेला, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत गेला, मग वायर ब्रश, मग चिंधी. दोन तास लागले. मेव्हणा तेवढा वेळ गप्प होता, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

आधी तळवा दिसला. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट. त्याच्या पुढचं बोट अर्ध्यावरच थांबलं होतं. त्याखाली खिळ्यानं तारीख कोरली होती, आणि तारखेखाली त्याला पाठ असलेल्या तिरप्या अक्षरात दोन शब्द होते: हो म्हणाले.

टर्नरनं त्या शब्दांवरून पुन्हा एकदा चिंधी फिरवली.

"मला एका शब्दानं सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं?"

"मी झोपलो होतो."

"मग कसं सांगणार?" मेव्हणा म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

आठव्या दिवशी दलालानं पंजा पाहिला आणि खांदे उडवले. पंजा काय कुणाचाही असेल, परवा रात्री उमटवला असेल. मेव्हण्यानं त्याला विचारलं की वाळलेल्या काँक्रीटात पंजा उमटवायची तुमच्याकडे काय युक्ती आहे ती शिकवा, आमच्या धंद्याला उपयोगी पडेल.

मालकीणबाई तोवर खाली बसल्या होत्या. त्यांनी पंजाला हात लावला नाही. अर्ध्या बोटाकडे बघत राहिल्या.

"मी शाळेत होते तेव्हा प्रेस मशीनमध्ये गेलं हे बोट," त्या म्हणाल्या. "सकाळी बाबाच माझी वेणी घालायचे. त्या बोटापाशी केस सुटायचे, आणि मी रोज त्यांच्यावर ओरडायचे." मग त्या उठल्या आणि टर्नरकडे बोट दाखवून दलालाला म्हणाल्या, "कागद मिस्त्रींच्या नावानं करा."

दलालानं विनवून पाहिलं. हा एक गाळा अडला तर पार्टी बिथरेल.

"रांगेतला शेवटचाच आहे. तेरा गाळ्यांत कपाटं मावत नसतील तर लहान करा म्हणावं."

महिन्याभरानं टर्नरनं घर विकलं. लेक दोन आठवडे बोलली नाही, आणि मग एके दिवशी मागच्या खोलीसाठी पडदे घेऊन आली. खरेदीच्या दिवशी नोंदणी कार्यालयात तिघंही त्याच्याबरोबर होती, लेक, मेव्हणा आणि मालकीणबाई. कारकुनानं मजकूर वाचून दाखवला. टर्नरनं त्याला मध्येच थांबवलं.

खरेदीदारात बायकोचंही नाव घाला, तो म्हणाला. कारकुनानं मान हलवली. मयत व्यक्ती खरेदी करू शकत नाही. टर्नर म्हणाला की ही खरेदी तिनंच केली आहे, बावीस वर्षांपूर्वी, तो फक्त आज सही करतोय. रांगेतले लोक वळून बघायला लागले. लेकीनं त्याची बाही ओढली. कारकुनानं नियम पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं.

"बरं," टर्नर म्हणाला. "मग मिळकतीचं वर्णन वाचा."

कारकुनानं वाचलं. चार भिंती, पत्र्याचं छत, एक शटर, मागची खोली, चार दिशांना काय काय आहे ते.

"पाया राहिला."

"पाया जमिनीतच धरतात. वेगळा लिहीत नाहीत."

"लिहू नये असा नियम आहे?"

कारकुनानं चष्मा काढला. त्यानं मालकीणबाईंकडे पाहिलं. तसा नियम नव्हता, आणि विकणाऱ्या बाईंची हरकत नव्हती. तो नाइलाजानं कीबोर्डकडे वळला.

"सांगा. आत लेथ मशीनचा काँक्रीटचा पाया आहे. पुढं?"

"घालणारीचं नाव लिहा," टर्नर म्हणाला, आणि बायकोचं नाव, तिच्या गवंडी बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव, एकेक अक्षर सांगत गेला. छापून आल्यावर त्यानं ते स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा लेकीकडून वाचून घेतलं. एक वेलांटी चुकली होती. त्यानं पान परत दिलं.

"सूतभर चुकलंय," तो म्हणाला. "दुसरं काढा."