मानेतली काच

लोणीच्या शिवारात पत्र्याच्या मांडवाखाली अशी झुंबड उडाली होती, की चपला काढायलासुद्धा नंबर लागला होता. कुणाचा हात झोळीत, कुणी लंगडत. सगळे अपघातातून वाचलेले आणि सगळे दवाखान्याची फेरी चुकवून आलेले. कारण अंगात घुसलेली गाडीची काच काचबाबा म्हणे तोंडानं ओढून काढत.

"बसला धक्का, शिरली काच! निघाली काच, पळाला धक्का!" शिष्य बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

बाबांनी गेणभाऊंच्या पाठीला पितळी नळी लावली, गाल आत घेऊन जोरात ओढलं आणि ताटलीत थुंकले. टण्ण! काचेचा खडा.

"अगं, पण गेणभाऊ तर ट्रॅक्टरवरनं पडले ना?" धापूबाईंनी शेजारणीला विचारलं. "त्यांच्या उघड्या ट्रॅक्टरला काच व्हतीच कुठं?"

"म्हणून तर चमत्कार!" शेजारणीनं हात जोडले.

धापूबाईंचं बेल्ह्यात कापडाचं दुकान. पंधरवड्यापूर्वी मागून ट्रकनं त्यांच्या गाडीला धडक दिली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या, रिखबचंदांच्या मानेला हिसका बसला. एक्स-रेत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी मानेला पट्टा बांधून बजावलं होतं, "हाताला मुंग्या आल्या तर लगेच या. नाही आल्या तरी दोन आठवड्यांनी याच."

मुंग्या आल्या. हातातून चहाचा कपही निसटला. रिखबचंद मात्र गेले बाबांकडे. "पट्ट्यानं काचेची वाट अडते," असं सांगून बाबांनी पट्टा काढायला लावला. आज तर मान कडकन मोडायची आणि मोठी काच बाहेर काढायची, असं ठरलं होतं.

"अहो, आपल्या गाडीची नुसती डिकी चेपली. एक काच फुटली न्हाई. मग मानेत काय शिरलं?"

"तू गप. बाबांना सगळं दिसतं."

धापूबाई नीट बघत राहिल्या. दर रुग्णाआधी बाबा पडद्यामागं 'देवाला विचारायला' जात. बाहेर आले की "बशा, बशा" असं बोबडं बोलत. काच थुंकली की लगेच खणखणीत आवाज, "उठा! दक्षिणा तिकडं!"

रिखबचंदांचा नंबर आला. बाबा पडद्यामागून आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मान धरली. धापूबाई ताडकन उठल्या. पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की त्यांनी पुढं केली.

"बाबा, आधी प्रसाद घ्या."

"नंतल," बाबा म्हणाले.

"प्रसादाला नाही म्हणता?"

गर्दी कळवळली. "घ्या की, बाबा!"

बाबांनी चिक्की तोंडात ठेवली आणि ओठ मिटून हसत बसले.

"चावा की," धापूबाई म्हणाल्या.

"चावा, बाबा, चावा!" सारा मांडव टाळ्या पिटत गजर करू लागला.

कर्रर्र! "मेलो गं आई!" बाबा ताटलीत थुंकले. चिक्की, काचेचे तीन खडे आणि अर्धा दात.

"बघा!" धापूबाई ओरडल्या. "काच गालात ठेवायची, नळीनं ओढल्याचं सोंग करायचं आन थुंकायची. एवढीच ईद्या!"

गेणभाऊ पुढं आले आणि धापूबाईंच्या पाया पडले. "आई, तुमी तर बाबाच्याच तोंडातनं काच काढली! माझी पण काढा!" मागं रांग लागली.

धापूबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, माझ्या पाया काय पडता? पाठ दुखतेय ना? ती डॉक्टरला दाखवा!" नवऱ्याच्या मानेला पिशवीतला पट्टा बांधून त्यांनी त्यांना गाडीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

एमआरआय झाला. मानेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबत होती. "मान मोडली असती तर हात कायमचा गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं, पट्टा आणि व्यायाम यांनी रिखबचंदांच्या हातात हळूहळू पुन्हा कात्री आली.

गेणभाऊंनीही शेवटी डॉक्टरांकडून पाठ तपासून घेतली. गाडीतून चालत बाहेर आलो म्हणजे सुटलो, असं माणसाला वाटतं. पण आतली दुखापत कधी कधी मागाहून बोलते. डॉक्टरांनी परत बोलावलं असेल तर परत जावं, आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याला तोंड उघडायला सांगावं.