नॉर्बची वायर

आर्डिसच्या तळघरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चमधली निम्मी मंडळी कॉफीचे कप धरून उभी होती आणि टेबलावर तीन संगणक एकदम चालत होते. वरून आलेल्या इंटरनेटच्या एकाच वायरीवर!

“ही कृपा!” बाहेरगावाहून आलेले प्रवचनकार ब्रदर लाइल डोळे मिटून म्हणाले. समोर त्यांनी आणलेली, निळ्या कापडात गुंडाळलेली पेटी, ती वायर तिच्यात शिरलेली, वर काळा गुळगुळीत दगड. “भगिनी, नॉर्बचा जीव या वायरीत अडकलाय. मी त्याला तासभर शांत केलंय. कायमची सुटका हवी तर आजच वायर उपटून जाळा.”

माझं डोकंच फिरलं. नॉर्ब म्हणजे आर्डिसचा नवरा. आजारपणात, धापा टाकत त्याने दगडी भिंतीतून ही एक वायर खाली आणली आणि दुसरी ओढायच्या आत गेला. वायफाय त्या तळघरात पोचत नाही. आर्डिस आणि दोन्ही मुली तिथेच कामाला बसतात. भाच्याने लावलेल्या दुतोंडी जोडावर एकीचं नेट चाललं की बाकीच्यांचं बंद. पुन्हा खंड पडला तर नोकरी जाईल, अशी ताकीद आर्डिसला मिळाली होती. आता ती पक्कड हातात घेऊन रडत होती.

आणि विचारणार कोण? आमच्या मिनेसोटात पाहुण्याला अवघड प्रश्न विचारणं म्हणजे चोरीपेक्षा वाईट. सगळे माना डोलावत होते. यातल्या निम्म्यांना मीच शाळेत विज्ञान शिकवलं, याची मला लाज वाटली.

“ब्रदर, पेटीतून ही बारीक वायर प्लगकडे कशाला गेलीय?” मी विचारलं.

“दगडाला जागं ठेवायला.”

“मग झोपू द्या की त्याला जरा!” मी दगड उचलून कॉफीच्या किटलीशेजारी ठेवला. तिन्ही संगणक चालूच.

“कोरीन, अगं, काय हे!” पास्टरची बायको कुजबुजली.

“कापडाला हात लावू नका! कृपा उडून जाईल!” ब्रदर ओरडले.

मी कापड ओढलं, झाकण उघडलं. आत साधा नेटवर्क स्विच. एक वायर आत घेऊन अनेक संगणकांना वाटून देणारी डबी. आमच्या वाचनालयात टेबलाखाली धूळ खात पडलेली असते, तीच.

“हं... वेगळंच आहे म्हणायचं,” कुणीतरी पुटपुटलं. आमच्याकडे याहून कडक शिवी नाही.

“म्हणजे नॉर्बची वायर चांगली आहे?” आर्डिसने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. खोट त्या दुतोंडी जोडात होती.”

तिने पक्कड टेबलावर ठेवून दिली.

नवऱ्याच्या हातची शेवटची वस्तू जाळायला लावणारा माणूस खोलीभर शहाण्यांसमोर उभा होता आणि त्याला उघडं पाडायला एक प्रश्न पुरला. तेवढा विचारत चला. पाहुण्याला वाईट वाटलं तर वाटू दे.