धुरीघरातला शेवटचा थांबा

ग्लास : रिकामा

"आत्या, संध्याकाळी मोकळी आहेस?"

"मी कायम मोकळी असते. काय पाहिजे?"

"दोघांनी ऐनवेळी नाही म्हटलं. खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत. तू पाहुणी म्हणून चल."

"व्हीगन पाहुणी?"

"गप्प बसणारी पाहुणी."

"मग दुसरं कोणीतरी बघ."

पण गेले. रेनाटा माझ्या धाकट्या भावाची, लोथारची, एकुलती एक मुलगी. आणि त्या संध्याकाळच्या फेरीचा शेवटचा थांबा लोथारकडे होता. मी न जाऊन कसं चाललं असतं?

लोथार खाटीक. आमचे वडील खाटीक, त्यांचे वडीलही. रेनाटा पंचविशीची झाली तेव्हा लोथारने दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली : झेर्नर आणि मुलगी. पाटी वाळायच्या आत मुलीने सांगितलं की ती मांस सोडतेय. खाणंही आणि कापणंही. लोथार काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी संपवल्या, दुकान विकलं, घरामागचं, मांसाला धुरी द्यायचं धुरीघर तेवढं कुलूप लावून ठेवलं. पाटी उलटी करून तिच्यावर तो आता कुंड्या ठेवतो.

रेनाटाने दुसराच उद्योग काढला. व्हीगन, म्हणजे दूध-अंडंही न खाणाऱ्या, प्रवाशांना संध्याकाळी गावातून हिंडवायचं, खाऊपिऊ घालायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या जर्मन वळणाच्या बरोसा खोऱ्यात. जिथे बटाट्याच्या सॅलडमध्येही लोक बेकन शोधतात. पहिल्या वर्षी गाव हसलं. मीही हसले. पण प्रवासी येत राहिले.

आणि मग या मार्चात, द्राक्षतोडणी ऐन भरात असताना, लोथारने तिला आपणहून फोन केला. म्हणाला, "तुझ्या त्या लोकांसाठी मी काहीतरी करतो. धुरी देऊन. मांस नाही घालणार."

एवढंच बोलला आणि ठेवून दिला. तिने मला लगेच फोन केला. रडत होती की हसत होती ते मला कळेना.

त्या संध्याकाळी निघताना म्हणाली, "आत्या, आज बिघडलं तर बाबा परत कधी विचारणार नाहीत."

हे मलाही ठाऊक होतं. लोथार एकदाच विचारतो.


ग्लास : पांढरी

पहिला थांबा वाइन करणाऱ्या डीटरच्या तळघरात. त्याची पांढरी रीझलिंग वाइन, माझ्या हातची बडीशेपेच्या पाल्यात आणि द्राक्षाच्या पानात मुरवलेली काकडी, राय धान्याचा पाव. काकडी माझी आहे हे सांगायला मला बंदी होती.

पाहुणे तिघं. मेलबर्नहून आलेलं तरुण जोडपं, थुई आणि कॅलम. आणि नायरी, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाची, माझ्या वयाची, मोठ्या हातांची बाई. कमी बोलणारी. मला लगेच आवडली.

"ही निवळायला काय वापरता?" थुईने ग्लास उजेडात धरला.

"वेळ," डीटर म्हणाला.

"म्हणजे माशाच्या पोटातला तो हवेचा फुगा नाही?"

"माझा बाप वापरायचा. लाल वाइनला अंड्याचा पांढरा बलक. मी नुसती ठेवून देतो. गाळ आपला आपण बसतो."

मला राहवलं नाही. "पण तो फुगा काय वाइनमध्ये राहतो थोडाच? तुरटीसारखा. गाळ घेऊन खाली बसतो. वरचं ओतून घेतलं की संपलं."

रेनाटाने माझ्याकडे पाहिलं. मी पाव खाल्ला.

थुई रागावली नाही. "राहत नाही, हो. पण त्याच्यातून गेलेली असते ना. मला पिताना ते माहीत असतं."

"कधीकधी मला वाटतं माहीत नसलेलं बरं," कॅलम म्हणाला.

"म्हणून मी तुझ्यासाठी पण विचारते."

"बघा. संसार."

नायरी हसली. मी तिला विचारलं, तुम्ही कधीपासून. म्हणाली, तिशीपासून. त्याआधी ती कत्तलखान्यात होती, आतड्यांच्या विभागात. मेंढ्यांची, बैलांची. दिवसभर गरम पाण्याखाली धरून ओढायची, साफ करायची.

"वास जात नसेल," मी म्हणाले.

"वासाचं काही नाही. काम चांगलं होतं. आम्ही बायका खूप हसायचो." तिने ग्लास फिरवला. "एक दिवस गेले नाही, एवढंच."


ग्लास : गुलाबी

(हा चालता चालता प्यायला. म्हणून यात फक्त रस्ता आहे.)

चर्चच्या मागची वाट. द्राक्षांची ट्रॉली गेली की मागे रसाची ओली रेघ. आंबूस, गोड वास, कपड्यांत शिरणारा. बँडवाल्यांची तालीम चालू होती, तुतारीवाल्यांपैकी एकजण कायम तालामागे. रेनाटा पुढे, पाठमोरी. तिने केस वर बांधले होते, तिच्या आईसारखे. तिची आई असती तर आज धुरीघरात टेबल तिनेच मांडलं असतं आणि या बापलेकीला एकमेकांशी बोलायला लावलं असतं. ते काम आता माझ्याकडे आलं होतं, आणि मला गप्प बसायला सांगितलेलं.

रेड गम निलगिरीच्या लाकडाचा धूर आम्हाला कोपऱ्यावरच लागला.

"हे कुठून येतंय?" थुईने विचारलं.

"माझ्या घरून," रेनाटा म्हणाली. नंतर तिच्या लक्षात आलं काय म्हणाली ते.


ग्लास : लाल

लोथारने इस्त्रीचा शर्ट घातला होता. धुरीघराच्या भिंती घासून पांढऱ्या केलेल्या. टांगायचे आकडे नवे. सुरा नवा. कापायचा लाकडी फळा नवा, अजून तेलाचा वास असलेला. भरण दळायचं यंत्रसुद्धा त्याने नवीन आणलं होतं, जुन्याला चरबी लागलेली म्हणून. मला ते सगळं त्याने आधी दाखवलं होतं, लहानपणी शाळेचं दप्तर दाखवायचा तसं.

"बसा," तो म्हणाला. "हे मेटवुर्स्ट, आमचं धुरीचं सॉसेज. म्हणजे तसंच. आत जव, भाजलेलं बीट, अळंबी, लसूण, काळी मिरी. मांस नाही. लोणी नाही. विचारलंत तरी नाही."

डीटरची लाल शिराझ ओतली गेली. लोथारने आकड्यावरून एक सॉसेज काढलं. गडद लाल, चकचकीत, घोड्याच्या नालासारखं गोल वळलेलं. त्याने पातळ चकत्या केल्या आणि प्लेटा फिरवल्या. वास असा की कॅलमने नुसताच "ओह" म्हटलं.

मी त्या दुकानाच्या काउंटरवर अर्धं आयुष्य उभी होते. सॉसेजचं कारखान्यात केलेलं आवरण सरळ असतं, एकसारखं. असं गोल वळत नाही. असं वळतं ते एकच. आणि चकतीच्या कडेला ती बारीक, अगदी बारीक शीर.

बैलाचं आतडं.

मी रेनाटाकडे पाहिलं. खाटकाची मुलगी. तिने माझ्याआधी पाहिलं होतं.

तिच्या शेजारी नायरीने काटा खाली ठेवला होता. ती रेनाटाकडे बघत होती.


ग्लास : तसाच

त्या क्षणात रेनाटाला काय काय करता आलं असतं.

साल सोलून खा म्हणता आलं असतं. मेटवुर्स्टची साल आम्ही सोलतोच.

प्लेटा पाडता आल्या असत्या. मी पाडल्या असत्या, मला खूण केली असती तर.

बापाला आत नेता आलं असतं.

काहीच न करता बसता आलं असतं. थुईला कळलं नसतं. कॅलम तर म्हणालाच होता, माहीत नसलेलं बरं. लोथारने उद्या परत धूर केला असता, पाटी कदाचित सुलटी झाली असती. आणि नायरीही गप्प राहिली असती, मला वाटतं. तिने फक्त घास घेतला नसता.

कॅलमचा काटा वर जात होता.

"थांबा," रेनाटा म्हणाली.


ग्लास : लाल, न प्यायलेला

"बाबा, हे कशात भरलंय?"

"म्हणजे?"

"आवरण."

"बैलाचं. रनर, म्हणजे लहान आतडी." त्याचा चेहरा अजून उजळलेलाच होता. "चांगली मिळाली. तीनदा मिठाच्या पाण्यातून काढली. का, फाटलंय कुठे?"

बाहेर तुतारी मागे राहिली.

रेनाटा उभी राहिली. ती पाहुण्यांकडे बघून बोलली. "माफ करा. हे तुम्ही खाऊ शकणार नाही. आतलं सगळं तुम्हाला चालणारं आहे. बाहेरचं नाही. मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

मग लोथारला कळलं. आधी हातांना कळलं. त्याने सुरा फळ्यावर आडवा ठेवला, पात्याची बाजू स्वतःकडे, आम्हाला लहानपणी शिकवलं होतं तशी. "बसा तुम्ही," तो म्हणाला आणि मागच्या दाराने धुरीच्या आतल्या खोलीत गेला.

कॅलमने काटा हळूच ठेवला. "वास फार चांगला होता," तो म्हणाला. थुईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रेनाटा तशीच उभी. "आत्या, तू जा ना. मी गेले तर ते बोलणार नाहीत."


ग्लास नाही

लोथार आतल्या खोलीत उरलेली सॉसेजं आकड्यांवरून उतरवत होता. एकेक, सावकाश.

"आतडं म्हणजे मांस नव्हे, ताई."

"नाही रे."

"ती पिशवी आहे. दोरा जसा. दोऱ्याला कोणी मांस म्हणतं का?"

"नाही म्हणत."

"मग?"

"मग काय. ती डीटरची वाइन बघ. त्यातून माशाचा फुगा नुसता जाऊन आला तरी त्यांना चालत नाही."

"हे मला कोणी सांगायचं?"

"तू विचारायचं."

त्याने एक सॉसेज हातात धरून ठेवलं. "तिच्या लोकांसमोर तोंडावर पाडलं मला तिने."

"तिने स्वतःला पाडलं. चूक माझी म्हणाली. ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्याने सॉसेज उलटं करून बघितलं. "खोटं बोलली."

"बोलली. तुझ्यासाठी. पण त्यांच्याशी नाही बोलली खोटं. तुझ्या दुकानात शिळं ताजं म्हणून विकलं असतंस तू?"

त्याने हातातलं सॉसेज खाली ठेवलं. दारात नायरी उभी होती, हातात भरलेला ग्लास. तिने तो लोथारला दिला आणि एक सॉसेज न विचारता उचललं. सालीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चांगली धुतलीत," ती म्हणाली. "चरबीचा कण ठेवला नाहीत. आमची मुकादम खूश झाली असती."

लोथारने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठे होतात तुम्ही?"

"आतड्यांवर. आठ मोसम."

"मेंढ्या?"

"मेंढ्या आणि बैल."

"बैलाचं फाटत नाही."

"घाई केली तर फाटतं."

"हां. घाई केली तर." त्याने घोट घेतला. तो घोट घेतो का, एवढा वेळ मी तेच बघत होते.

नायरीने सॉसेज परत आकड्याला लावलं. "कापडात भरलं तर धूर आत पोचेल का?"

मी भावाला ओळखते. त्याला दुःखात ठेवायचं असेल तर त्याला धुराबद्दल विचारू नये.

"जाड कापडात नाही," तो म्हणाला. "मलमल. ओली करून घ्यायची. आमच्या आजीच्या काळी कापडातच भरायचे, लिव्हरवुर्स्ट. शिवायचे. पण शिवण घट्ट पाहिजे, नाहीतर जव फुगून बाहेर येतात." त्याची बोटं आपोआप टाके घालू लागली होती. "एका रात्रीत नाही होत. तुम्ही कधी जाता?"

"परवा."

"म्हणजे होतं."


वाटी

बाहेर रेनाटाने शेवटचं गोड वाढलं होतं. रोटे ग्रुत्से : लाल द्राक्षांच्या रसात शिजवलेला साबुदाणा. आम्ही तोडणीत दरवर्षी करतो, वर साय ओततो. आज साय नव्हती. मी काही बोलले नाही. मला आता सवय होत होती. साय नसल्यावर द्राक्ष जास्त लागतं, हेही मी बोलले नाही.

थुईने दुसऱ्यांदा घेतलं. कॅलमने तिसऱ्यांदा. लोथार बाहेर आला, तसा कॅलम चमचा तोंडात असतानाच उठून उभा राहिला, शाळेतल्यासारखा.

"बस बाबा, खा," लोथार म्हणाला. मग तिघांकडे बघून, "ते मला ठाऊक नव्हतं. मी नीट विचारलं नाही."

"आम्हीपण सगळ्या गोष्टी एका दिवसात नाही शिकलो," थुई म्हणाली. "मी वर्षभर जेलीच्या गोळ्या खात होते."

"त्यात काय असतं?"

"हाडं. उकळून."

"हां, जिलेटिन." लोथारने मान हलवली. "म्हणजे तेही नाही."

"तेही नाही."

तो विचारात पडला. मला दिसत होतं, तो मनातल्या मनात सगळं दुकान फिरत होता, एकेका फळीवरून, आणि प्रत्येक वस्तू उचलून बघत होता.

रेनाटा रिकाम्या वाट्या गोळा करत होती. ती त्याच्याजवळून जाताना थांबली. तो तिच्याकडे बघत नव्हता, धुराड्याकडे बघत होता.

"आईच्या कपाटात मलमल आहे," तो म्हणाला. "खालच्या कप्प्यात. सकाळी लवकर ये. धुऊन घ्यावी लागेल, बरीच वर्षं पडून आहे."

"येते."

"रेनाटा."

"काय बाबा?"

"साबणात चरबी असते का गं? ते आधी बघ."