मेजावरचं कापड

माझं आत्मपरीक्षण म्हणजे दुसऱ्याच्या घराची झडती. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळक दर महिन्याला सांगतात, "आधी स्वतःला तपासा, मग भाकरीला हात लावा." मी डोळे मिटून पुढच्या बाकावरच्या बायकांना तपासते. पण गेल्या महिन्यापासून ती चैन संपली.

झालं असं. प्रभूच्या मेजावरचं पांढरं कापड धुऊन इस्त्री करायचं काम माझ्या धाकट्या जावेकडे. सात वर्षांत तिने त्यावर सुरकुती पडू दिली नाही. त्या आठवड्यात तिला ताप होता, म्हणून तिच्याकडून कपाटाची किल्ली घेऊन कापड मी घरी आणलं. दुसऱ्या कुणाला बोलले नाही. त्यात काय सांगायचं? इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, चष्मा कुठे आहे? चष्मा त्याच्याच डोक्यावर! त्याची खरडपट्टी काढेपर्यंत इस्त्री एका जागी बसली. चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला. डाग आत जाईल अशी घडी घातली आणि कापड गुपचूप चर्चच्या कपाटात ठेवून किल्ली तिला देऊन आले.

रविवारी सगळ्यांसमोर घडी उलगडली. "जमत नसेल तर सोडा ना!" चर्चच्या सेक्रेटरीबाई धाकटीवर कडाडल्या आणि कपाटाची किल्ली काढून घेतली. धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. वर भाकरही खाल्ली! निर्लज्ज बाई मी.

महिनाभर तिने माझं नाव कुठे घेतलं नाही. भांडली असती तर मी सव्वाशेर भांडले असते, माझी जीभ कुणाला ऐकते? पण ती दारात येऊन विचारायची, "ताई, बाजारात चाललेय, तुमच्यासाठी काही आणू का?" आणि मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

आज भाकरीचं ताट बाकावरून हातोहात माझ्यापर्यंत आलं. धाकटी शेजारीच बसलेली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "कापड मी जाळलं."

"माहीत आहे. घ्या आता, लोक थांबलेत."

एवढ्यावर सुटले असते. पण किल्ली चारचौघांत गेली होती, आणि मी कानात बोलत होते. ताट तिच्या हातात देऊन उभी राहिले.

"पाळकसाहेब, ते कापड हिने नाही, मी जाळलं. लपवलंही मीच. बोलणी हिने खाल्ली."

सगळी मंडळी वळून बघायला लागली. सेक्रेटरीबाईंचा चेहरा पडला. मी मटकन खाली बसले आणि धाकटीला म्हटलं, "ताट पुढे दे. माझी लायकी नाही."

तिने दिलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"गेल्या महिन्यात मी ताटाला हात लावला नाही, ताई. इतका राग आला होता तुमचा; तो मनात धरून भाकर कशी घेणार?" तिने ताट दोघींच्या मधे धरलं. "आज तोंड उघडलंत ना? मग घ्या."