शटर

“मावशी, तुम्ही मेलात,” आगीच्या सरावाची परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेला प्रशिक्षक हसत म्हणाला आणि सुकेशनीच्या डोळ्यांवरचा जाडजूड चष्मा त्यानं काढून घेतला. भोवतीचे कामगार खो खो हसले. सुकेशनी घामानं भिजली होती. समोर आगबिग काही नव्हतं, जिनिंग मिलचं साधं ऑफिस होतं.

चष्म्यातल्या हलत्या चित्रात मात्र हुबेहूब त्यांचीच मिल होती. तेच सरकी काढायचे रेचे, पेटलेला कापूस, आणि आत अडकून हाका मारणारा एक माणूस. ती त्याच्याकडे धावली होती.

“आत जायचं नाही. गोदामाचं शटर पाडायचं आणि निघायचं. नाहीतर आतल्या कापसाच्या गाठी पेटतात,” प्रशिक्षक म्हणाला.

“अन् तो माणूस? त्याची वाट बी तीच हाय की.”

“तो नियम मोडून मागे राहिला. त्याला हिशेबात धरायचंच नाही.”

धरायचंच नाही! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दोन वर्षांपूर्वी सुकेशनीचा नवरा सिद्धोधन इथंच असा मागे राहिला होता, आणि मॅनेजर ओरडला म्हणून लिंबाजी फिटरनं शटर पाडलं होतं. तेव्हापासून मिलमध्ये, ताडकळसच्या बाजारात, चार बायकांत, दिसेल तिथं ती लिंबाजीचा उद्धार करायची. “माणूस जाळून गाठी वाचिवल्या मुडद्यानं!” लिंबाजी निमूट ऐकून घ्यायचा. त्या शिव्यांच्या बळावरच ती उभी होती म्हणा ना.

नवऱ्याच्या जागी तिला घेतलं होतं, पण कच्चं. या परीक्षेत पास होईल तो कायम, नापास होईल त्याला घरचा रस्ता, असं मॅनेजरनं सकाळीच बजावलं होतं. संधी दोनच. घरी बारावीतली लेक साक्षी होती, आणि कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

सुकेशनीनं पुन्हा चष्मा चढवला. तीच आग, त्याच हाका. माणूस शटरकडे पळत येत होता. चित्रात त्याचं तोंड नीट काढलेलं नाही, तेवढंच बरं, असं मनाशी म्हणत तिनं हातातलं बटण दाबलं. शटर खाली आलं. पलीकडून थापा ऐकू येत राहिल्या.

“शाब्बास! शंभरपैकी शंभर!”

टाळ्या पडल्या. सुकेशनीला स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

शेवटी लिंबाजीची पाळी आली. पहिल्या खेपेला तो आत गेला. दुसऱ्या खेपेलाही गेला. टेबलाला धडकत, दोन्ही हातांनी हवेतून कुणाला तरी ओढत राहिला.

“काका, बटण दाबा!”

“न्हाई दाबत,” लिंबाजी म्हणाला. “एकडाव दाबलं तेवढं लय झालं.”

या वेळी कुणी हसलं नाही. मॅनेजरनं त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

गेटजवळ सुकेशनीनं त्याला गाठलं. तो सायकल धरून, मान खाली घालून थांबला.

“द्या वैनी, काय शिव्या द्यायच्या त्या द्या. उद्यापासून म्या हितं न्हाई.”

तिला एकही शिवी आठवेना.

“म्या बी पाडलं शटर, भाऊ.”

“बघितलं. पोरगी हाय तुमाला. पाडावंच लागतंय.”

तो सायकलवर बसून गेला. पाळीचा भोंगा झाला. सुकेशनी घाईनं आत वळली. कायम झालेल्या माणसाला उशीर करून चालणार नव्हतं.