माझ्या पाठीवरचं बिऱ्हाड

मी जीप बोलतेय. फोटो काढायचा असेल तर आधी काढून घ्या आणि मग ऐका. दोन्ही कामं एका वेळी तुम्हा माणसांना जमत नाहीत, हे मी सत्तर वर्षं बघत आलेय.

माझ्यासमोर उभं राहून लोक काय बोलतात तेही मला पाठ झालंय. "अय्या, किती गोड!" मी गोड नाही. गोड कुत्र्याचं पिल्लू असतं. मी कोलंबियाच्या किंदीओ भागातल्या सांता इनेस गावच्या चौकातून वर पालोग्रांदे वस्तीपर्यंत रोज तीन खेपा मारते. तो चढ असा आहे, की वरच्या अंगणातून सुटलेला भोपळा थेट चर्चच्या दारात येऊन थांबतो. इथले लोक मला कौतुकानं 'लोखंडी खेचर' म्हणतात आणि त्यांना वाटतं, मी खूश होते. खेचराला निदान रविवारी सुट्टी असते.

मी इथे आले ती १९५४ साली, बोटीतून, पेटाऱ्यात बसून. चाकं एका पेटीत, इंजिन दुसऱ्या पेटीत. इथे मला जोडलं आणि विकणाऱ्यानं सगळ्या गावासमोर चर्चच्या पायऱ्या चढायला लावल्या. अठ्ठावीस पायऱ्या. मी चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाद्री मात्र भयंकर संतापला. देवाच्या दारात हा काय तमाशा, म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानंच एक जीप घेतली. माणूस ही काय चीज आहे, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

माझा पहिला मालक कॉफीच्या मळ्याचा धनी. तो मला फक्त रविवारी बाहेर काढायचा. पांढरी टोपी घालायचा आणि घरापासून शंभर पावलांवरच्या चर्चला गाडीनं जायचा. दुसरा मालक ठेकेदार. त्याच्या मते इंजिनाला तेल घालणं ही चैन होती. शेवटी इंजिन जाम झालं, तेव्हा त्यानं मला शिव्या दिल्या, लाथ मारली आणि केळीच्या बागेत ढकलून दिलं. तिथे अकरा वर्षं मी कोंबड्यांचं खुराडं होते. कोंबड्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या मला एकदाही गोड म्हणाल्या नाहीत.

तिथून मला बाहेर काढलं ते ओविदिओ आर्बेलाएसनं. बदल्यात त्यानं एक डुक्कर दिलं. डुक्कर माझ्यापेक्षा तरतरीत होतं, असं तो अजूनही चारचौघांत सांगतो.

ओविदिओबद्दल चांगलं बोलायची मला इच्छा नाही. तो शिंकताना स्टिअरिंग सोडतो. दुरुस्ती करताना गातो आणि तेही बेसूर. पण त्यानं मला उभं केलं, हे खोटं कसं म्हणू? दोन वर्षं लागली. इंजिन खोलून त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं आणि घरातली माणसं पाच महिने उभ्यानं जेवली. गंजलेल्या तळाला जुन्या पाटीचा पत्रा वेल्ड केला. अजूनही मला खालून बघितलंत तर 'येथे थुंकू नये' एवढं वाचता येतं. पेट्रोलची नळी कॉफीवर औषध मारायच्या पंपाची. स्टिअरिंग एका भंगारातल्या बसचं. बांबूच्या फळ्यांच्या बैठका. मागे एक जाड लाकडी फळा बसवला आणि वर धरायला दोन दांडे, म्हणजे आत न मावणारे लोक मागे उभे राहतील. टाकीला बारीक चीर पडली की तो तिथे धुण्याचा साबण चोळतो. चीर बुजते. चार दिवसांनी पुन्हा चोळतो. याला तो 'देखभाल' म्हणतो.

हे सगळं रोज चालू ठेवावं लागतं. दर सोमवारी ग्रीस. पावसाळ्यात दर आठवड्याला ब्रेक. उतारावरून येताना माझ्या ब्रेकच्या भरवशावर तेरा माणसं, दोन दुधाच्या किटल्या, एखादं डुकराचं पिल्लू आणि कधी एखादी शवपेटी असते. जागा संपली, असं या लोकांना कधी वाटतच नाही. माणूस लटकलेला असतो, एक पाय हवेत असतो, तरी ओविदिओ ओरडतो, "अजून एक मावतो!" आणि मावतो.

दोन वर्षांपूर्वी उरुतिया आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो कसलाही डॉक्टर नव्हता. आमच्याकडे इस्त्रीची विजार घातलेल्या कुणालाही डॉक्टरच म्हणतात. यानं गावाबाहेर जुन्या गाड्यांसाठी काचेचं दालन बांधलं होतं. माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून तो म्हणाला, "ओविदिओभाऊ, ही मला द्या. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, हुबेहूब तशी करतो हिला. बदल्यात माझी नवी गाडी न्या. आत थंडगार हवा येते."

ओविदिओची मुलगी लुस-दारी शेजारीच उभी होती. ती लगेच म्हणाली, "बाबा, घ्या ना. गुडघा बघा तुमचा. क्लच दाबताना 'आई गं' म्हणता, ते चौकापलीकडे ऐकू जातं."

"मी गाणं म्हणत असतो."

"'आई गं'ला चाल नसते, बाबा."

ओविदिओ आठ दिवस विचार करत राहिला. मग एका सोमवारी ग्रीस देताना तो गायला नाही. मला कळलं. जत्रेच्या शनिवारी दुपारी चार वाजता चौकात किल्ली द्यायची, असा त्यानं शब्द दिला.

आमच्या जत्रेत जीपांची मिरवणूक निघते. कुणी कॉफीची पोती रचतं, कुणी केळीचे घड. सगळ्यात मोठं बक्षीस बिऱ्हाडाच्या जीपला. पूर्वी लोक घर बदलताना जीपवर जसा संसार लादायचे, तसा संसार दोरखंडानं बांधून मिरवायचा. त्याची यादी ठरलेली असते. येशूची तसबीर हवी, मका दळायची चक्की हवी, गादी हवी, कोंबडी हवी, कुत्रा हवा, रात्रीच्या लघवीसाठीचं पलंगाखालचं भांडं हवं. या संसारातली निम्मी भांडी लोक मिरवणुकीसाठी माळ्यावरून काढतात आणि रविवारी परत माळ्यावर टाकतात.

त्याच शनिवारी एदेल्मिराआजीला खरंच घर सोडायचं होतं. वय एक्याऐंशी. मुलांनी तिचं घर विकलं होतं. घेणारे तिथे शहरातल्या पाहुण्यांसाठी झोपाळे टांगणार होते आणि भिंतींवर शोभेला कॉफी वेचायच्या टोपल्या. आजीनं त्याच टोपल्यांत साठ वर्षं कॉफी वेचली होती. आता ती पालोग्रांदेला बहिणीकडे राहायला निघाली होती. मुलांनी सामान चढवलं, दोरखंड आवळले आणि मिरवणूक बघायला पळाली. आजी कोंबडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.

"शेवटचीच खेप ही," ओविदिओ म्हणाला. "चारला किल्ली देतो."

"माझी का तिची?" आजीनं विचारलं.

वर जायचा रस्ता चौकातूनच. चौकाच्या तोंडाशी दोर बांधलेला आणि तिथे हातात यादी घेतलेली एक पोरगी.

"बिऱ्हाडवाले ना? किती उशीर!" तिनं माझ्या काचेवर सतरा नंबरचा कागद चिकटवलासुद्धा.

"अगं बाई, आम्हाला वर जायचंय."

"सगळ्यांनाच वर जायचंय, काका. आधी चौकाला फेरी." ती यादीवर खुणा करू लागली. "तसबीर आहे. चक्की आहे. कोंबडी आहे. भांडं आहे. कुत्रा? कुत्रा कुठाय?"

"मेला गं माझा कुत्रा," आजी म्हणाली. "मार्चमध्ये."

पोरीनं लिहिलं : कुत्रा नाही. एक गुण कमी.

मागे अठरा नंबर येऊन चिकटला होता. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. दोन तास आम्ही उन्हात मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. माझं पाणी उकळायला लागलं. आजीचं वय झालेलं, तिला किती वेळ धरवणार? मध्येच ती उतरली, मागे टांगलेल्या चादरीच्या आड गेली, भांडं घेतलं, आपलं काम उरकलं, भांड्यावर झाकण ठेवून ते गादीच्या कडेला नीट उभं केलं आणि परत येऊन बसली. त्या अख्ख्या चौकात तेवढीच एक गोष्ट तिच्या खऱ्या कामासाठी वापरली गेली.

मग फेरीच्या वाटेवर तिनं नुकतंच सोडलेलं घर लागलं. दारावर आधीच नवा रंग. आजी रडायला लागली. तोंडावर हात न घेता, कोंबडीला घट्ट धरून.

भोंग्यावरून आवाज आला, "बघा, बघा, सतरा नंबरची आजी बघा! काय अभिनय आहे!"

ओविदिओ उभा राहून ओरडला, "अहो, ती खरंच रडतेय!"

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

मी आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली. पण त्या टाळ्यांइतकं घाणेरडं काही माझ्या अंगावर पडलं नव्हतं, आणि मी अकरा वर्षं खुराडं होते.

चौकाच्या मध्यावर परीक्षक होते आणि त्यांत उरुतिया होता. तो हसत धावत आला. "ओविदिओभाऊ, भाग घेताय हे सांगितलं नाहीत!"

"घेतला नाही. अडकलोय. आजींचं सामान वर पोचवायचंय."

"वा! भूमिकेतून बाहेरच येत नाही तुम्ही!" त्यानं माझ्या बॉनेटवर थाप मारली. मग माझ्या मागे गेला. "हा फळा तेवढा आपण काढून टाकू हं. मूळ गाडीला नव्हता. हे दांडे पण काढू."

"मग लोक उभे कुठे राहतील?" ओविदिओनं विचारलं.

"लोक?" उरुतियाला खरंच कळेना. "लोक कशाला?"

ओविदिओचा हात स्टिअरिंगवर होता. इतक्या वर्षांत त्याचा हात मला असा जड कधी लागला नव्हता.

उरुतियाला मात्र आता गादीच्या कडेचं भांडं दिसलं होतं. "अहाहा! इनॅमल अस्सल आहे! झाकणासकट!" त्यानं ते उचललं.

"सांभाळून रे बाळा," आजी म्हणाली. "रिकामं नाही ते."

त्यानं दचकून हात झटकला. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगते, की आमच्या गावात तिथून पुढे त्या विजारीला कुणी डॉक्टर म्हटलं नाही.

बक्षीस आम्हालाच मिळालं. पितळी कप, आणि भोंग्यावरून, "अशी जिवंत कलाकृती आजवर झाली नाही!" ओविदिओनं कप आजीच्या पायांशी ठेवला, दोर सोडायला लावला आणि मला खालच्या गिअरमध्ये टाकलं. "आई गं" म्हणाला. मी चढायला लागले. मागे घड्याळात चार वाजले, तेव्हा आम्ही तिसऱ्या वळणावर होतो. त्यानं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आम्ही दरीतच गेलो असतो, म्हणून फार कौतुक करू नका.

बहिणीच्या अंगणात सामान उतरलं. आजीनं कपात कोंबडीला पाणी ठेवलं. मग पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसत तिनं विचारलं, "ओविदिओ, मला दर मंगळवारी दवाखान्यात खाली यायचंय. नवीन गाडी येईल का रे इथवर?"

ओविदिओनं आलो तो रस्ता बघितला. मग माझ्या टाकीखाली वाकला, साबण निघाला होता तो बोटानं दाबून बसवला.

"पहिली खेप साडेसहाला," तो म्हणाला. "नेहमीसारखी."

लुस-दारी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी येऊन म्हणाली, "सरका तिकडे. तुम्ही फक्त भाडं घ्या आणि लोकांशी भांडा." तेव्हापासून चालवते ती. दुसरा गिअर टाकताना माझे दात किटकिट वाजवते आणि मला अशा शिव्या देते, की आताच्या पाद्र्यानं ऐकल्या तर त्याचीही जीप बंद पडेल. ग्रीस मात्र सोमवारचं चुकवत नाही. गात नाही, हा आणखी एक फायदा.

उरुतियानं शेजारच्या गावातली दुसरी जीप घेतली. काचेमागे उभी असते, कोरी, हिरवीगार. मी रोज सहा वेळा तिच्यासमोरून जाते. तिच्या टायरवर कधी चिखल नसतो. लोक आत जाऊन तिला गोड म्हणतात. सुरुवातीला मी भोंगा वाजवायचे, म्हणजे लुस-दारी वाजवायची. तिकडून काही उत्तर येत नाही. तिच्यात बॅटरीच घातलेली नाही.

माझी म्हणाल तर चाकावरची उजवी कमान खचलीय, टाकीला साबण आहे, आणि इंजिनात माझं स्वतःचं काय उरलंय हे मलाही सांगता येणार नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यावर प्रेम करू नका. तुमचं प्रेम मी बघितलंय, ते गाडीतली बॅटरी काढून घेतं.

आता झाला ना फोटो काढून? मग पालोग्रांदेला यायचं असेल तर मागच्या फळ्यावर चढा, दांडा घट्ट धरा. अजून एक मावतो. यायचं नसेल, तर बाजूला व्हा. मंगळवार आहे आज, आणि आजी वर वाट बघतेय.