एकट्याने उठायचे नाही

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि डूख धरण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

सुताराने मला एकाच लांब फळीतून घडवले आणि दोन टोकांना दोन भक्कम पाय दिले. वर्गात माझी जागा पहिल्या रांगेत. मधोमध बसायच्या दोघी: बेकरीवाल्याची टकळी आणि शिंप्याची घुमी. घुमी शाळेत कुणाशी बोलत नसे. बोललीच तर टकळीच्या कानात. बाईंनी प्रश्न विचारला की घुमी उत्तर कुजबुजे आणि टकळी ते खणखणीत आवाजात सांगे. शाबासकी दोघींना मिळे. थोडी मलाही मिळाली, असे मी समजत असे.

मग प्रार्थनेचा वाद निघाला. टकळीच्या घरचा देव वेगळा, घुमीच्या घरचा वेगळा, पण त्यांचे काही अडत नव्हते. अडले शाळेच्या समितीतल्या मोठ्यांचे. त्यांचे भांडण आमच्याच वर्गात झाले.

"देवाचं नाव घेतल्याशिवाय शाळा कसली?" छापखान्याचे मालक गरजले.

"देव घरी ठेवा. इथे सगळ्यांची पोरं येतात," दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले.

शेवटी दोघांनी म्हणे मधला मार्ग काढला. प्रार्थना म्हणणाऱ्यांनी दिवसभर उजवीकडे बसायचे, न म्हणणाऱ्यांनी डावीकडे, आणि मधून वाट. वाटेत मी आडवा येत होतो. मला करवतीने मधोमध कापायला लावले! अहो शहाण्यांनो, बाकाचे पाय टोकांना असतात! प्रत्येक तुकड्याला एकच पाय उरला. दुसरीकडे विटा रचल्या, आणि दोघे हात मिळवून चहा प्यायला गेले.

टकळी उजवीकडे गेली, घुमी डावीकडे. त्या दिवसापासून घुमीच्या तोंडून अक्षर फुटले नाही. प्रश्न विचारला की ती वाटेपलीकडे बघत राही. पोरे तिला मठ्ठ म्हणू लागली. माझ्या कापलेल्या कडेवर ती बोट फिरवत बसे. तेव्हाच मी ठरवले, त्या दोघा शहाण्यांना सोडायचे नाही.

बाई माझ्याहून खमक्या निघाल्या. त्यांनी सुताराला बोलावले आणि माझे तुकडे उलटे फिरवून जोडायला सांगितले. पाय मधे, कापलेली टोके बाहेर.

"बाई, एक उठला की दुसरा आपटेल," सुतार म्हणाला.

"तेच हवंय मला."

पुढच्या बैठकीला बाईंनी समितीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर हलवल्या आणि मला तिथे ठेवले. छापखानेवाले आणि डॉक्टर गप्पांच्या नादात माझ्या दोन टोकांवर एकदमच टेकले. बाईंनी घुमीचा विषय काढला. "आता हे पुन्हा उकरू नका!" म्हणत छापखानेवाले ताडकन उठले. डॉक्टर धाडकन खाली! चष्मा एकीकडे, डॉक्टर एकीकडे. आहाहा, काय गार वाटले मला! दोघे पुन्हा कसेबसे बसले. मग थोड्या वेळाने डॉक्टर तणतणत उठले आणि छापखानेवाल्यांनी लोळण घेतली. फिटंफाट!

"आता ठरेपर्यंत कुणी हलू नका," बाई म्हणाल्या.

फळी घट्ट धरून दोघांनी ठरवले. प्रार्थना घंटेआधी, सभागृहात, ज्याला हवी त्याने म्हणावी. नको त्याने मैदानावर खेळावे. घंटा झाली की वर्ग एक, वाट बंद. छापखानेवाल्यांना वेळ कमी वाटला, डॉक्टरांना सभागृह खुपले. दोघेही कुरकुरत होते, पण उठले मात्र एकदम.

दुसऱ्या दिवशी वर्गात नवा बाक आला. मी समितीच्या खोलीतच राहिलो. भिंतीपलीकडे वर्ग भरला. मग टकळीचा आवाज आला, "बाई, घुमी विचारतेय, आमचा बाक कुठे गेला?"

मित्रांनो, इतर बाक तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, दुरुस्त करा. माझी विनंती उलटी आहे. मला अजिबात दुरुस्त करू नका. ते दोघे अजून बैठकीला येतात.